जेवणाच्या टेबलावर समुद्र: आधी बघा, बिऱ्हाड रिकामं आहे ना!

तुमच्याही घरात ती पिशवी असणार. गणपतीपुळे, पुरी, कन्याकुमारी, दीव, नाहीतर गोवा, कुठल्या तरी सहलीहून आणलेली शंख-शिंपल्यांची पिशवी. आणताना मोठ्या हौसेने आणली, घरी आल्यावर तिचं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही आणि आता ती शोकेसच्या खालच्या कप्प्यात जुन्या चार्जरांच्या शेजारी पडून आहे. या वेळी ती पिशवी बाहेर काढायची आणि तिच्यातून जेवणाचं टेबल सजवायचं.

दुकानात 'कोस्टल स्टाईल' म्हणून जे सामान मिळतं, त्याची किंमत बघून डोळे पांढरे होतात. खरं तर त्यात विशेष काही नसतं. पांढरा आणि मातकट रंग, थोडासा निळा, सुतळी, काच आणि चार शिंपले, एवढंच. हे सगळं घरी होतं. फक्त सुरुवात करण्याआधी एक गोष्ट बोलायला हवी, ती म्हणजे हे शिंपले आणायचे कुठून?

हे घर कुणाचं?

किनाऱ्यावर पडलेला शंख आपल्याला रिकामा वाटतो. पुष्कळदा तो रिकामा नसतो. कधी आत गोगलगायीच्या जातीचा मूळ मालक असतो, तर कधी हर्मिट क्रॅब, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. त्यामुळे शंख हेच त्याचं चिलखत. तो वाढला की जुना शंख घट्ट होतो आणि त्याला मोठी जागा शोधावी लागते. एखादा मोठा शंख सापडला की काही वेळा लहान-मोठे खेकडे आकाराप्रमाणे रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या घरात शिरला की त्याच्या जुन्या घरात पुढचा, त्याच्या घरात त्याच्या मागचा. आपल्या सोसायटीत फ्लॅट बदलतात, अगदी तसंच. शंख मिळेनासे झाले की काही खेकडे प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण पाठीवर घेऊन फिरतात. असे फोटो जगभरातून आलेले आहेत.

'मी चार शंख उचलले तर समुद्राचं काय बिघडणार?' असं वाटणं साहजिक आहे. पण किनाऱ्यावर आपण एकटे नसतो. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी १९७८ ते १९८१ या काळात शिंपले मोजले होते. त्याच जागी २००८ ते २०१० मध्ये पुन्हा मोजले. मधल्या काळात तिथले पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले ६० टक्क्यांहून जास्त घटले होते. पक्षी घरट्यात शिंपल्यांचे तुकडे वापरतात, छोटे जीव त्यांच्या आडोशाला राहतात आणि झिजून झिजून त्यांचीच वाळू होते. म्हणजे किनाऱ्यावर पडलेलं सगळंच टाकाऊ नसतं.

म्हणून किनाऱ्यावर गेलात तर एवढं पाळा:

• उचललेला शंख पालथा करून आत बघा. तोंडावर कडक झाकण दिसलं, पाय हलले किंवा आत ओलसर मांस दिसलं, तर तो जिथून उचलला तिथेच अलगद ठेवा.
• अख्खे, पिळाचे शंख खेकड्यांसाठी सोडा. आपण चपटे, सुटे, झिजलेले, कडेने फुटलेले शिंपले घ्यायचे. टेबलावर तेच जास्त सुंदर दिसतात.
• माणशी पाच. चौघांच्या कुटुंबाचे वीस झाले. एका टेबलाला ते भरपूर होतात.
• निमुळता, आइस्क्रीमच्या कोनासारखा दिसणारा शंख मुलांना उचलू देऊ नका. कोन जातीच्या जिवंत शंखाला विषारी डंख असतो. त्यातल्या काही जातींचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो.
• मालवणचं सागरी अभयारण्य, कच्छच्या आखातातलं आणि मन्नारच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, अंदमानातलं वंडूर, अशा संरक्षित जागांवरून काहीही उचलू नका.

विकत घेताना सावध राहा

पर्यटनस्थळी दुकानात मांडलेली प्रत्येक वस्तू कायदेशीर असतेच असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा वाघ-हरणांबरोबर समुद्रातल्या जिवांनाही लागू आहे. पोवळी, समुद्रपंखा, समुद्रघोडा, महाकाय शिंपल्यांच्या काही जाती, नॉटिलस आणि काही मोठे शंख या कायद्याने संरक्षित आहेत. काचेच्या वाटीत छान दिसतो म्हणून घेतलेला पांढरा, फांद्यांचा पोवळ्याचा तुकडा आपल्याला महागात पडू शकतो.

आणखी एक वस्तू पुष्कळ घरांत सापडते, ती म्हणजे 'इंद्रजाल'. काळी, जाळीदार, फ्रेममध्ये बसवलेली. दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून, नजर लागू नये म्हणून ती विकली जाते. ती वनस्पती नाही. तो समुद्रपंखा किंवा काळं पोवळं असतं, म्हणजे समुद्रातल्या प्राण्यांची वसाहत. ती विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा आहे. सुकवलेला तारामासा दुकानात बघून मुलं हट्ट धरतात. तेव्हा त्यांना एवढंच सांगा की ही शोभेची वस्तू नाही, हा सुकवलेला प्राणी आहे. बहुतेक मुलांना लगेच कळतं.

मग शिंपले मिळणार कुठे?

पहिली जागा, तुमचं स्वयंपाकघर. मालवणकडे तिसऱ्यांची एकशिपी करतात तेव्हा शिंपला उघडून मांस एकाच शिंपीत ठेवतात आणि दुसरी शिंपी टाकून देतात. एका जेवणामागे पन्नास-साठ शिंप्या सहज कचऱ्यात जातात. तिसऱ्या म्हणा, मुळे म्हणा, खुबे म्हणा, नावं गावागणिक बदलतात, पण नक्षी सगळ्यांवर सुरेख असते. कालवांची शिंपी खडबडीत, पण आतून मोत्यासारखी. कोची किंवा कोळिकोडला राहणाऱ्यांना कल्लुम्मक्काया माहीत असेलच. त्या शिंपीची हिरवी-निळी कड टेबलावर अप्रतिम दिसते. घरी करत नसाल तर ओळखीच्या मासेवाल्या मावशींना किंवा सी-फूडच्या हॉटेलात सांगून ठेवा. रिकाम्या शिंप्या ते आनंदाने देतील.

दुसरी जागा, पूजासाहित्याचं दुकान. शाकाहारी घरांसाठी आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग. कवड्या सगळीकडे मिळतात. कवडी आपल्याला परकी नाहीच. तुळजापूर समुद्रापासून किती लांब, पण भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांचीच माळ असते. एकेकाळी कवडी हे चलन होतं आणि अजूनही आपण एखादी वस्तू 'कवडीमोल' झाली असं म्हणतो.

तिसरी जागा, शोकेसमधली ती पिशवी. जे आधीच घरी आलं आहे ते वापरून संपवा, नवीन गोळा करण्याची गरज नाही.

स्वच्छता: वास राहिला तर सगळं फुकट

सुंदर सजावट केली आणि तिसऱ्या दिवशी टेबलाला कोळीवाड्याचा वास यायला लागला, तर घरचे पुन्हा काही करू देणार नाहीत. म्हणून हे काम घाईत उरकू नका.

१. शिंपी वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासा. आतल्या बाजूला मांसाचा चिकटलेला बारीक ठिपका असतो. वास तिथूनच येतो. तो चमच्याच्या टोकाने खरवडून काढा.

२. जुन्या पातेल्यात पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून शिंप्या दहा मिनिटं उकळा. थंड होऊ द्या, मग पुन्हा घासा.

३. डाग किंवा वास राहिला असेल तर चार वाट्या पाण्यात एक वाटी कपड्यांचं क्लोरीन ब्लीच मिसळून अर्धा तास बुडवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. नंतर दोन-तीन पाण्यांतून काढा.

४. दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

५. शेवटी नाकाची परीक्षा. वाळलेल्या शिंप्या झाकणाच्या बरणीत रात्रभर बंद करून ठेवा आणि सकाळी झाकण उघडून वास घ्या. काहीच वास आला नाही तर पास. आला तर पुन्हा दुसऱ्या पायरीपासून.

आता काय करायचं नाही ते बघा. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात तो विरघळतो. एका फुटक्या शिंपीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे येताना दिसतील. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, पण सफाईसाठी व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर वापरू नका. नक्षी झिजते आणि चमक जाते. आणि ब्लीचमध्ये यातलं काहीही कधीही मिसळू नका, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कवड्या आणि इतर मुळातच गुळगुळीत शंख उकळू नका आणि ब्लीचमध्येही घालू नका. ओल्या फडक्याने पुसले की झालं.

वाळल्यावर शिंप्या फिक्या वाटतील. कापसाच्या बोळ्याने बेबी ऑइलचा अगदी पातळ हात द्या, मूळ रंग वर येतो. खोबरेल तेल मात्र नको, काही दिवसांनी ते खवट होतं. आणि जी शिंपी चिकटवायची आहे तिला तेल लावायचं ते चिकटवून झाल्यावर, नाहीतर गोंद धरत नाही.

१. मधोमध ठेवायची वाटी

साहित्य: पसरट काचेचं भांडं (साधारण २० सेंटीमीटर रुंद), वाळू, १२ ते १५ शिंपले, बॅटरीवर चालणारे दोन छोटे दिवे.

वाळू किनाऱ्यावरून आणू नका. बांधकामाची वाळू चाळून घ्या, चार पाण्यांतून धुवा आणि जुन्या कढईत कोरडी परता. थंड झाली की भांड्यात चार-पाच सेंटीमीटरचा थर द्या. एका संध्याकाळपुरतीच सजावट असेल तर जाडं मीठही चालतं आणि पांढरंशुभ्र दिसतं. पावसाळ्यात मात्र मिठाला पाणी सुटतं, तेव्हा ते टाळा.

सगळ्यात मोठा शिंपला बरोबर मध्यभागी न ठेवता थोडा कडेला ठेवा, निम्मा वाळूत रुतवून. बाकीचे तीन-तीनच्या गटात मांडा आणि थोडी वाळू मोकळी सोडा. भरती ओसरल्यावर किनारा दिसतो तसं दिसलं पाहिजे. दिवे मागच्या बाजूला ठेवा. खरी मेणबत्ती लावणार असाल तर ती वेगळ्या काचेच्या ग्लासात लावा. चिकटवलेल्या शिंपल्यांजवळ नको, उष्णतेने ग्लू गनचा गोंद मऊ होतो.

एक नियम मात्र पक्का ठेवा. टेबलाच्या मधली वस्तू २५ सेंटीमीटरहून उंच नको. सजावटीमागे समोरच्याचा चेहरा लपला तर ती सजावट काय कामाची?

२. पंख्याला पुरून उरणारी वजनं

परदेशी व्हिडिओंत हे दिसणार नाही, कारण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आपल्यासारखा सीलिंग फॅन पाचवर फिरत नसतो. आपल्याकडे टेबलक्लॉथचं टोक हमखास वरणात जातं.

चार क्लिपा घ्या, कपडे वाळत घालायच्या छोट्या लाकडी क्लिपाही चालतील. प्रत्येक क्लिपेला १५ सेंटीमीटर सुतळी बांधा आणि सुतळीत तीन शिंपले ओवा. भोक पाडायची गरज पुष्कळदा पडत नाही. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत एक गोल, सुबक भोक बऱ्याचदा आधीच असतं. ते एका शिकारी समुद्रगोगलगायीने पाडलेलं असतं. ती शिंपला पोखरते आणि आतला जीव खाते. ही गोष्ट जेवताना सांगायची की जेवण झाल्यावर, ते तुम्ही ठरवा! भोक नसेल तर शिंपला ओला ठेवून, जाड सुईने किंवा बारीक ड्रिलने हळूहळू पाडा. मास्क लावा, ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. वजन कमी वाटलं तर शेवटी एक मोठी कवडी बांधा.

३. ज्याची त्याची कडी

चांदीच्या वर्खाच्या नव्हे, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी जपून ठेवा. तिचे चार सेंटीमीटरचे तुकडे कापा. आतून-बाहेरून फेविकॉल लावून सुतळी घट्ट गुंडाळा. वाळल्यावर ग्लू गनने वर एक शिंपला बसवा. कापडी नॅपकिन या कडीत अडकवायचा.

गंमत अशी की प्रत्येक कडीवरचा शिंपला वेगळा ठेवायचा. कालवाची शिंपी बाबांची, कवडी आजीची, हिरव्या कडेची धाकटीची. मग कागदी टिश्यूचा ढीग लागत नाही आणि कुणाचा नॅपकिन कुठला यावरून भांडणही होत नाही.

४. नावाच्या पाट्या

पाहुणे येणार असतील तर हे करून बघा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन हातमोजे घालून मळा. लिंबाएवढा गोळा पसरट शिंपीत बसवा आणि ओला असतानाच त्यात सुरीने एक खाच पाडा. दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. मग त्या खाचेत जाड कागदाची पट्टी उभी करायची, नाव लिहिलेली.

नावं मुलांकडून लिहून घ्या, तीही देवनागरीत. बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्लीत वाढणाऱ्या कितीतरी मराठी मुलांना मराठी बोलता येतं, पण लिहायची वेळच येत नाही. शाळेत दुसऱ्या भाषा असतात आणि घरी अभ्यास नको असतो. 'आत्या', 'मोठी आई', 'श्रीकाका' अशा सहा पाट्या लिहायच्या म्हटलं की तो अभ्यास वाटत नाही. 'श्री' कसा काढायचा आणि 'त्या'मधला अर्धा त कसा जोडायचा, हे विचारायला मूल आपणहून आजीकडे जातं. पाट्या वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. पाहुणे आपल्या नावाची पाटी घरी घेऊन जातात, हा अनुभव तुम्हाला येईलच.

जाता जाता

• तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर कवड्या आणि छोटे शिंपले त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. ते घशात अडकू शकतात. कालवाच्या शिंपीची कड धारदार असते, ती पॉलिश पेपरने घासून घ्या.
• ब्लीच केलेली किंवा गोंद लावलेली शिंपी चटणी-मीठ वाढायला वापरू नका. ती फक्त शोभेची.
• काचेवर शिंपला चिकटत नसेल तर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने थोडे खरखरीत करा.
• सगळंच शिंपल्यांचं करू नका. खाली मांजरपाटाची साधी पट्टी, एक निळी वाटी, नारळाची घासलेली करवंटी आणि मोजके शिंपले. बाकी जागा ताटांना हवीच की.
• सजावटीचा कंटाळा आला तर गोंद, रंग किंवा तेल न लागलेल्या शिंप्या कुटून कुंडीतल्या मातीत मिसळा. हळूहळू त्यातलं कॅल्शियम मातीत उतरतं.

हे सगळं सुरू करायला एक रविवार पुरतो. सकाळी शिंप्या उकळायच्या तर शनिवारी तिसऱ्या आणायला हव्यात, म्हणजे जेवणाचाही प्रश्न सुटला. काम वाटून घ्या. घासायचं काम मोठ्यांचं, वास घेऊन पास-नापास करायचं काम आजोबांचं, शिंपल्यांचे गट लावायचं काम मुलांचं. आणि पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावर गेलात की मुलांना सांगा, शंख उचल, पालथा कर, आत बघ. आतून दोन बारीक डोळे बाहेर आले, तर त्या दिवशीची सगळ्यात मोठी कमाई तीच. तो शंख वाळूवर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचं आणि तो चालत कुठे जातो ते बघत बसायचं.